बारा बोटांचा शब्द

जठरानंतर येणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाला इंग्रजीत 'ड्युओडेनम' म्हणतात. व्युत्पत्ती पाहिली तर या शब्दात केवळ 'बारा' ही संख्या आहे. बारा कशाचे, हे तो सांगत नाही.

उत्तरासाठी इ.स.पू. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियात जावे लागते. तेथे हेरोफिलस या वैद्याने मानवी शवांचे विच्छेदन केले. त्याचे ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाले. परंतु त्याने या भागाला 'डोडेकाडाक्टुलॉस', म्हणजे 'बारा बोटांचा', असे नाव दिल्याचे गेलनच्या लेखनातून कळते. बोटे आडवी ठेवून केलेले हे मोजमाप आहे. बारा बोटे म्हणजे एक वीत, हे कोष्टक ग्रीकांचे होते तसेच आपल्या 'वितस्ती'चेही आहे. आज ही लांबी सुमारे 25 सेंटिमीटर मानतात. म्हणजे वीत फारशी चुकली नव्हती.

हीच संज्ञा अरबी वैद्यकात 'बारांचे' या अर्थाने आली. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे इब्न सीनाच्या 'कानून'चे लॅटिन भाषांतर केले आणि 'ड्युओडेनम डिजिटोरम', म्हणजे 'बारा बोटांचे', ही शब्दयोजना रूढ झाली. पुढे वापरात बोटे गळाली. षष्ठी बहुवचनाचे एक रूपच नाम होऊन बसले. जर्मनने मात्र 'त्स्वोल्फफिंगरडार्म' या शब्दात बोटे जपली आहेत.

मराठीने हे मोजमाप उचलले नाही. आपल्या परिभाषेत 'आद्यांत्र' हा स्थानवाचक शब्द आहे आणि 'ग्रहणी' हा जुना शब्दही आहे. ग्रहणी म्हणजे ग्रहण करणारी, धरून ठेवणारी. अन्न पचेपर्यंत धरते आणि पचल्यावर पुढे सोडते, अशी चरकसंहितेतील तिची कल्पना आहे. तिथे ती अग्नीचे अधिष्ठान आहे. तिच्या बिघाडाची आठवण 'संग्रहणी' या रोगनामात मराठीने आजही ठेवली आहे.

म्हणजे ग्रीक शब्द लांबी सांगतो, संस्कृत शब्द कार्य सांगतो. परिभाषाकारांनी या दोहोंना एका ओळीत समोरासमोर बसवले. सोय झाली, यात शंका नाही. पण त्या समीकरणामुळे आजचा विद्यार्थी चरकाची ग्रहणी वाचताना तिथे आधुनिक शरीररचनेतील वीतभर नळीच पाहतो आणि अग्नीची सारी कल्पना त्याच्या हातून निसटते. लॅटिन शब्दातून बोटे गळाली, हे निदान कोश उघडला की कळते. 'ग्रहणी'चे रूप मात्र जसेच्या तसे राहिले आहे. म्हणूनच तिचा अर्थ सरकल्याचे ध्यानात येत नाही. जुना ग्रंथ शिकवताना हे अंतर आपण आवर्जून दाखवले पाहिजे.