दुसरा ‘एम’ कोणाचा?

आठवीच्या वर्गात दुसरं महायुद्ध शिकवत होतो. जीपचं नाव निघालं तसा एका मुलानं विचारलं, "सर, महिंद्रा अँड महिंद्रामध्ये दोनदा एकच नाव का?" प्रश्न छोटा होता, पण त्याच्या उत्तरासाठी मला अमेरिकेपर्यंत जावं लागलं.

१९४० साली अमेरिकेत शंभर कामगारांमागे चौदा-पंधरा बेकार होते. १९४४ मध्ये ते प्रमाण जेमतेम एकावर आलं. मधल्या काळात सरकार हेच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झालं होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारी बनवणं बंद झालं. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून तासाला एक बॉम्बर विमान बाहेर पडू लागलं. टोलेडो शहरातली विलीज ही कंपनी मंदीत दिवाळखोरीत गेली होती, ती लष्कराच्या जीपवर उभी राहिली. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या.

कामगाराच्या हाती पगार होता, पण बाजारात मोटार नव्हती आणि पेट्रोलवर रेशन होतं. पैसा युद्धरोख्यांत आणि बँकेत साठला, आणि युद्ध संपल्यावर घरं, मोटारी, फ्रिज यांच्या रूपानं बाहेर पडला. परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यानं शिक्षणासाठी मदत आणि घरासाठी कर्जाची हमी मिळाली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही नवी वसाहत उभी राहिली. तिथल्या करारात मात्र अट होती की गोऱ्यांखेरीज कोणी राहायचं नाही. काळा सैनिक युद्ध लढून आला, तरी दारातच अडला. नाशिकात भाड्यानं खोली शोधलेल्या आपल्या वाचकांना हे फोड करून सांगायची गरज नाही.

युद्धाचा माल हिंदुस्थानानंही पुरवला. त्यापोटी ब्रिटनकडे आपलं दीड हजार कोटी रुपयांहून अधिक येणं झालं. अमेरिकन माणसाची शिल्लक त्याच्या खिशात होती, आपली लंडनच्या वह्यांत. इथल्या माणसाच्या हाती रेशनकार्ड आलं, आणि १९४३ मध्ये बंगालात तर भाकरीही उरली नाही.

युद्ध थांबलं तशी लष्कराची मागणी आटली. विलीजनं १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्याची गाडी म्हणून विकायला काढली: नांगर ओढा, माल वाहा. परदेशी गिऱ्हाईकही हवं होतं. कैलाशचंद्र महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये हिंदुस्थानच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत कंपनी निघाली, नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. आधी पोलादाचा व्यापार, मग १९४७ पासून अमेरिकेहून सुटे भाग आणून जीपची जुळणी.

मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. अलीगढमध्ये शिकलेले, हिशेबात तरबेज, निजामाचे अर्थमंत्री राहिलेले. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. आद्याक्षरं तीच राहिली.

आपल्यातले काहीजण हे अभिमानानं सांगतात, काहीजण हळहळून. मला दोन्ही पटत नाही. ते स्वखुशीनं गेले, आणि १९५४ मध्ये त्यांनीच तिकडची घटना समिती बरखास्त केली. इथे राहिलेल्यांचं नातं जीपशी वेगळं होतं. पिंपळगावहून वणीला, चांदवडला जाणारी काळी-पिवळी, पुढे चौघं, मागे दहा. लहानपणी मालेगावच्या लग्नाला आम्ही तशाच जीपमधून गेलो होतो, अम्मीच्या मांडीवर मी आणि माझ्या मांडीवर देगचीचं झाकण.

वर्गात एवढं सगळं सांगितलं नाही. फळ्यावर दोन नावं लिहिली, दुसऱ्याखाली १९४८ टाकलं. तो मुलगा म्हणाला, "माझे मामू जीपचे मिस्त्री आहेत, त्यांना हे माहीत नसणार." दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "मामूंना माहीत होतं सर. म्हणाले, नाव कोणाचंही असो, क्लचप्लेट आधी आण."