प्रक्रियादर्शन, लिनक्समधील
संगणकावर चालू असलेल्या आज्ञावलीस प्रक्रिया, तर तिच्यातील सामाईक स्मृती वापरणाऱ्या प्रत्येक कार्यधारेस थ्रेड म्हणतात. टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत यूनिक्समधील प्रक्रिया फाइलरूपाने वाचण्याची सोय केली. लिनक्सने ती ‘प्रॉक’ या नावानेच स्वीकारली. ‘पीएस’ व ‘टॉप’ ही साधने तेथूनच माहिती घेतात. १९९६ च्या लिनक्सथ्रेड्स पद्धतीत प्रत्येक थ्रेडास स्वतंत्र प्रक्रिया-क्रमांक मिळे. त्यामुळे एकच स्मृती अनेक ओळींत दिसे व तिची बेरीज फसवी ठरे. २००३ मधील २.६ आवृत्तीपासून थ्रेड मूळ प्रक्रियेखाली एकत्र आले. मात्र ‘टॉप’च्या नेहमीच्या यादीत ते एकाच ओळीत सामावतात, प्रोसेसर अडविणारा एखादा थ्रेड हुडकण्यासाठी थ्रेडनिहाय यादीच पाहावी लागते.