फुटबॉल, शेणकाला आणि इंजिनाची तहान

शीर्षक ऐकून मैदानावरचा भाग आहे असं वाटलं असेल तर नाही. परभणीकडे, गंगाखेड-पाथरीच्या काठानं (तिथं गोदावरीला गंगाच म्हणतात) फुटबॉल म्हणजे फुटव्हॉल्व्ह. पंपाच्या सक्शन पाइपाच्या तळाशी बसवलेला. बाहेर जाळी, आत चामड्याची झडप. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

आता थोडा इतिहास. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं. आपल्याकडे १९३० च्या दशकात साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इथं मोट हळूहळू मागे पडत गेली आणि तिच्या जागी हे धडधडणारं लोखंड आलं.

बैल दमला की दिसतं. इंजिन दमलेलं दिसत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्यानं वाहून न्यायचा असतो. बऱ्याच शेतांत त्यासाठी वेगळी टाकी नसायची. पंपाच्या डिलिव्हरीतूनच एक बारीक नळी काढायची, ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवायचं आणि गरम झालेलं पाटात सोडायचं. म्हणजे इंजिन जे पाणी उपसतं, तेच पाणी त्याला जिवंत ठेवतं. जाळीला शेवाळ, गाळ, जलपर्णीची मुळं किंवा हल्ली प्लॅस्टिकची पिशवी चिकटली की पिकाचं पाणी आणि इंजिनाचं पाणी एकाच क्षणी बंद. वर पंपाचा भार गेल्यामुळं इंजिनाचा आवाज हलका होतो. नवख्याला वाटतं, वा, छान चाललंय! जुना माणूस त्याच आवाजानं धावत सुटतो. थोडा उशीर झाला की पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, इंजिन जाम. आणि घाबरून वरून थंड पाणी ओतलं तर हेड तडकतं. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला हे झालं तर गेला हंगाम.

गंमत बघा, शिडाच्या होडीतल्या छोट्या इंजिनाचं दुखणं अगदी हेच. ते समुद्राचं पाणी आत ओढून थंड होतं. तोंडाशी पिशवी किंवा जेलीफिश अडकली की संपलं. म्हणून इंजिन सुरू झालं की खलाशी मागे वाकून पाणी बाहेर पडतंय का ते बघतो. आपला शेतकरी गरम पाण्याच्या धारेखाली हात धरतो. हाताला सोसलं तर ठीक. फरक एवढाच, की खलाशाला साफ करण्याआधी तळाचा कॉक बंद करावा लागतो, नाहीतर होडीत पाणी भरेल. इथं उलटं. फुटबॉल वर काढला की पाइप रिकामा होतो, मग बादल्यांनी पंप भरत बसा.

झडप गळत असेल तर शेणकाला ओततात. शेण फटीत बसतं, पाणी टिकतं. युक्ती नामी आहे, पण त्यातलं थोडं त्या बारीक नळीतही जातं, हे मला कायम खटकलंय. त्यापेक्षा फुटबॉलभोवती टोपली बांधावी आणि तो तळापासून हातभर वर टांगावा, हे बरं.

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. डावा कालवा परभणीपर्यंत आला. वीज आली, मोटारी आल्या. मोटारीला असं थंड पाणी लागत नाही. पण वीज बनवायला लागतं! शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी मिळतं ते सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून, गोदावरीचंच. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात ते संपलं आणि केंद्राचे सगळे संच थांबले. २०१५ मध्ये पुन्हा तेच. जाळी साफ होती, नदीच खाली गेली होती.