खुराड्याच्या दाराचा इतिहास

कोंबडें झांकलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं, ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं आहे. तींतील बोध पहांटेविषयीं असला, तरी कोंबडें झांकण्याची चाल पडली ती रात्रीच्या भयामुळें. खेड्यांत दिवेलागणीस कोंबड्या डालतात. म्हणजे त्यांस डालग्याखालीं झांकतात, किंवा खुराड्यांत कोंडून वर फळी सरकवितात. एवढ्याशा कृतीवर साऱ्या कोंबड्यांचा जीव अवलंबून असतो. ती रोज, न चुकतां आणि वेळेवर कोणीं करावी, हा माणसापुढील फार जुना प्रश्न आहे. आपोआप मिटणारें दार हें त्याचें अलीकडचें उत्तर होय.

ह्या कामाचा अर्धा भार पक्ष्यानेंच उचलला आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. मध्य थायलंडांतील बान नॉन वाट येथें इ. स. पूर्व १६५० ते १२५० ह्या काळांतील कोंबड्यांचीं हाडें सांपडलीं असून, खात्रीनें पाळीव म्हणतां येतील अशीं तीं सर्वांत जुनीं आहेत, असें संशोधकांनीं २०२२ सालीं मांडलें. भाताच्या आणि भरड धान्याच्या शेतीनें ह्या पक्ष्यास माणसाजवळ ओढून आणलें, असें त्यांचें मत आहे. रानकोंबडा रात्रीं झाडावर बसतो. अंधारांत कोंबडीस फारच थोडें दिसतें. म्हणून उजेड आहे तोंच ती बसावयाची जागा गांठते. माणसानें झाडाच्या फांदीऐवजीं खुराड्यांतील दांडी दिली, पण संवय तीच राहिली. कोंबडीस घरीं आणावें लागत नाहीं. ती आल्यावर मागें दार तेवढें लावावें लागतें.

तें लावावयाचें राहिलें तर काय होतें, हें कोंबड्या पाळणारास सांगावयास नको. कोल्हा एक कोंबडी नेऊन थांबत नाहीं. सकाळीं खुराड्यांत सर्वच मेलेल्या आढळतात. लोक ह्यास त्याचा दुष्टपणा म्हणत आले. हान्स क्रूक ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १९७२ सालीं ह्याचा निराळा उलगडा केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर अगदीं काळोख्या रात्रीं कुरव पक्षी जागचे हलत नाहींत, आणि अशा रात्रीं कोल्हे ते खाऊं शकतील त्याहून कितीतरी अधिक मारून टाकतात, असें त्यास दिसलें. पोट भरलें म्हणजे शोध थांबतो. पण समोरचें भक्ष्य पळत नसेल तर मारण्याची प्रेरणा थांबत नाहीं. उघडें खुराडें म्हणजे नेमकी हीच स्थिति होय.

रोमन पंडित व्हॅरो ह्यानें इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत कोंबड्यांच्या घराच्या खिडक्या वेताच्या विरळ विणीच्या असाव्यात, म्हणजे उजेड भरपूर येईल पण अपाय करणारा प्राणी आंत शिरणार नाहीं, असें तो सांगतो. दोन खुराड्यांच्या मधून राखणदारास जाण्यायेण्यास दार असावें, असेंही त्यानें म्हटलें आहे. खिडकीची राखण विणीकडे, पण दाराची माणसाकडे, अशी ही वांटणी होती. ती पुढें शतकानुशतकें तशीच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत यंत्रावर विणलेली षट्कोनी जाळी निघाली. तिनेंही भिंतीच सुधारल्या, दार नव्हे. शिवाय ती जाळी कोंबडीस आंत ठेवण्यापुरतीच. अमेरिकेंतील रॅकून नांवाचा प्राणी तिच्यांतून पंजा घालतो, आणि साधी कडीही उघडतो.

आपोआप उघडणारें दार जगास ठाऊक नव्हतें असें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरोननें मंदिराच्या दारांची एक युक्ति लिहून ठेविली. वेदीवर अग्नि पेटला कीं तापलेली हवा पाणी ढकलते, त्या पाण्याच्या भारानें दोर ओढले जाऊन दारें उघडतात, आणि अग्नि विझला कीं मिटतात. पण खुराड्याच्या दारास अग्नि नव्हे, संध्याकाळ ओळखतां आली पाहिजे. घड्याळ त्यास पुरें पडत नाहीं. लंडनला जूनच्या अखेरीस सूर्य घड्याळीं रात्रीं सव्वानऊनंतर मावळतो, तर डिसेंबरांत दुपारीं चारच्याही आधीं. मुंबईस हें अंतर सुमारें सव्वा तासाचें असतें. कोंबडी चालते सूर्याप्रमाणें.

संध्याकाळ ओळखण्याची विद्या निराळ्याच वाटेनें आली. १८७३ सालीं समुद्रांतील तारायंत्राच्या दोरखंडांची परीक्षा करतांना विलोबी स्मिथ ह्यास सेलेनियम धातुसदृश द्रव्याचा विद्युत्‌रोध उजेडांत कमी होतो, असें आढळलें. १९०७ सालीं स्वीडनच्या गुस्ताफ डालेननें दीपगृहांसाठीं सूर्यझडप बसविली. तिच्यांत एक काळी कांडी व तीन चकचकीत कांड्या असत. उजेडांत काळी कांडी तापून लांबे व वायु बंद करी. अंधार पडतां ती आंखडे व दिवा लागे. १९१२ सालीं एका स्फोटांत डालेनचे डोळे गेले, आणि त्याच वर्षीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. अंधार ओळखणारें यंत्र जगास देणारा पुरुष स्वतः अंधारांत राहिला.

पुढें प्रकाश ओळखणारे घटक व छोट्या मोटारी स्वस्त झाल्या, आणि ही विद्या खुराड्यापर्यंत पोंचली. दोन खांचांतून वरखालीं सरकणारा पत्रा, त्याची दोरी गुंडाळणारी मोटार, आणि उजेडाची पारख करणारा तुकडा, एवढीच त्याची मांडणी. चांगल्या दाराची कसोटी मात्र बंद झाल्यावर लागते. नुसतें खालीं पडलेलें दार रॅकून पंजानें उचलतो. म्हणून पत्र्याच्या बाजूस दोन लहान अडसर जोडतात. दोरी ढिली पडली कीं ते खांचेंत शिरतात, आणि ताणली कीं आधीं तेच निघतात. म्हणजे दार दोरीनेंच उघडतें, बाहेरून ढकलून नव्हे. एखादा ढग आला म्हणून तें मिटूं नये, आणि मागें राहिलेल्या कोंबडीस वेळ मिळावा, म्हणून अंधार पडल्यावर तें कांहीं मिनिटें थांबतें.

तरीही एक गोष्ट यंत्राच्या हातीं नाहीं. संध्याकाळ झाली हें त्यास कळतें, पण आंत किती आल्या तें कळत नाहीं. उशीरा आलेली कोंबडी बाहेर राहते. आधींच आंत शिरलेलें मुंगूस तिच्या सोबतिणींबरोबर कोंडलें जातें. व्हॅरोच्या राखणदाराची दार लावण्याची पाळी संपली, पण दांडीवरील कोंबड्या मोजण्याची पाळी अद्यापि त्याचीच आहे.