तापीकाठचे कूळ

सातपुड्यातील मुलताई येथे उगम पावलेली तापी बऱ्हाणपूर आणि भुसावळ मागे टाकीत, खानदेशची काळी जमीन भिजवीत सुरतेस पोचते. आणि जेथे तिला समुद्राची चाहूल लागते, त्या शेवटच्या टप्प्यात, सुरतेहून हजीऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर चोर्यासी तालुक्यातील इच्छापोर हे गाव आहे. आज तेथे औद्योगिक वसाहत आणि हिरे-जवाहिरांचे संकुल उभे आहे, आणि या सबंध पट्ट्यातील उद्योगांनी दूरदूरची माणसे आपल्याकडे ओढून घेतली आहेत. नदीच्या वरच्या अंगाची मराठी माणसे खालच्या अंगास उदरनिर्वाहासाठी यावीत, हा क्रम या प्रदेशात जुना आहे. आणि गाव, शेत व वतन ही तिन्ही सुटल्यावर माणसाचे कूळ कशाच्या आधाराने टिकते, या प्रश्नाचा विचार करावयास याहून योग्य स्थळ सापडणे कठीण.

मराठे प्रथम येथे आले ते लष्कर घेऊन. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वाऱ्या केल्या. परंतु त्या स्वाऱ्यांतील माणसे परत गेली. स्थायिक झाली ती पुढील शतकातील घराणी. पुणे प्रांतातील दावडीचे गायकवाड सेनापती दाभाड्यांच्या चाकरीत गुजराथेत उतरले, त्यांच्यातील पिलाजीरावांनी सोनगडचा आश्रय धरला, आणि सुरत अठ्ठाविशीचे परगणे मराठ्यांच्या वसुलाखाली आले. दुसरे स्थलांतर याहून शांत आणि याहून कितीतरी मोठे. विसाव्या शतकाच्या आरंभी तापीखोऱ्यातील लोहमार्गाने सुरत आणि खानदेश जोडले गेले, आणि पुढे कापडाच्या मागांनी जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील सहस्रावधी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत आणून वसविली.

मूळ गावी कुळाला दोन आधार होते. त्यांपैकी पहिला दप्तराचा. पाटीलकी, देशमुखी किंवा कुलकर्ण यांविषयी तंटा उपस्थित झाला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापले करीने, म्हणजे हक्काचे पूर्ववृत्त, गोतसभेपुढे मांडीत. थोरला कोण, धाकटा कोण, कोणाच्या आज्याने परागंदा होऊन पुन्हा गाव वसविला, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वृत्त वडीलधाऱ्यांच्या तोंडून वदविले जाई, आणि निवाड्याचा महजर होऊन त्यावर साक्षी पडत. वडीलपणाचा मान आणि तक्षिमांचा, म्हणजे वाटण्यांचा, हिशेब यांमुळे वंशावळ ही हक्काची सनदच होऊन बसली. ज्या कुटुंबाकडे वतन नव्हते, त्याच्या पूर्वजांची नावे सांगण्याचे प्रयोजन सरकारदरबारी क्वचितच पडले, ही या व्यवस्थेतील उणीव विसरता येत नाही. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकी संपुष्टात आली. पण जो सुरतेस मागावर उभा राहिला, त्याच्यापुरता वतनाचा आधार गाव सोडतानाच निखळला होता.

दुसरा आधार आचाराचा, आणि तोच प्रवासात टिकला. मराठ्यांत कुळाची खूण म्हणजे देवक. मोऱ्यांचे मोराचे पीस, कदमांचा कळंब, पवारांची तरवारीची धार, इतर कित्येकांचे पंचपल्लव. विवाहापूर्वी त्याची विधिपूर्वक प्रतिष्ठा होते, आणि समान देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. खानदेशात तर या चौकशीवाचून गत्यंतरच नाही. कारण पाटीलकीमुळे भिन्न भिन्न कुळांनी पाटील हेच आडनाव धारण केलेले आहे; मग आडनावावरून नाते कळावे कसे? म्हणून उधन्याच्या चाळीतही बोलणी सुरू होताच प्रश्न येतात : तुमचे मूळ गाव कोणते, कूळ कोणते, देवक काय, आणि मामा कुठले? लग्नासाठी लिहून दिलेल्या परिचयपत्रात नोकरी आणि शिक्षण यांच्या खाली मामकुळाची ओळ आजही असते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ व अलंकार घालून देवीचे रूप दिले जाते, केळीचे खांब बांधून चौरंगावर तिची स्थापना होते, रात्र अहिराणी गाण्यांनी जागविली जाते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. या उत्सवाचे मर्म रोटात आहे. अनेक घरांत पुरुषांची गणती करून, पाळण्यातील बाळदेखील न वगळता, माणशी सव्वा मूठ गहू घेतले जातात, आणि त्यांचे रोट भाऊबंदांनीच खावयाचे असतात. सुरतेच्या वस्त्यांतही कानबाई मोठ्या उत्साहाने बसते, आणि दूरदूर विखुरलेले भाऊबंद त्या दिवशी एका पंगतीस येतात. कोणतेही दप्तर नसता कुळाची ही वार्षिक खानेसुमारी धान्याच्या मुठीने होते, आणि तिच्यात नाव लागले की माणूस कोणाचा, हे ठरते.

परंतु त्या गणतीत घरची लेक आणि सून येत नाहीत. आणि येथेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरील एका समाजाचे स्मरण होते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील नावाहो लोकांत मूल आईच्या कुळात जन्मते आणि बापाच्या कुळासाठी जन्मते, असे मानतात. नावाहो माणूस आपली ओळख देतो ती चार कुळे सांगून : आईचे, बापाचे, आईच्या बापाचे आणि बापाच्या बापाचे. उंच घराचे, कडू पाण्याचे, चिखलाचे अशी त्या कुळांची नावे असून, त्यांची आद्य कुळे परिवर्तन-देवतेने आपल्या देहापासून निर्मिली, अशी त्यांची श्रद्धा आहे. दोन अनोळखी माणसांचे कूळ जुळले की ती तत्क्षणी भावंडे किंवा मायलेकरे ठरतात, आणि त्या नात्याचे कर्तव्यही अंगावर येते. आईच्या किंवा बापाच्या कुळात विवाह वर्ज्य असल्यामुळे मामाची मुलगी, जी आपल्याकडे हक्काची नवरी मानली जाते, तिच्याशीही तेथे विवाह होत नाही. कारण तिचा बाप आपल्या आईच्याच कुळातला. १८६४ साली अमेरिकी सैन्याने या लोकांना शेकडो मैल चालवीत पेकोस नदीकाठी हद्दपार केले, आणि १८६८ च्या तहाने ते स्वभूमीस परतले. जमीन गेली त्या चार वर्षांत कुळे मात्र गेली नाहीत. इतकेच नव्हे, तर स्पॅनिश अंमलाच्या जाचाने आश्रयास आलेल्या प्वेब्लो लोकांना आणि मेक्सिकन वंशाच्या माणसांनाही त्यांनी नवी कुळे देऊन आपल्यात सामावून घेतले.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवर लिहिलेल्या ग्रंथात, महाराष्ट्राची नातेव्यवस्था उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर उभी असल्याचे दाखविले. सीमेवरचा समाज दोन्हीकडून घेऊ शकतो. आपल्या कुळाने बापाची शाखा निष्ठेने जपली, पण शहाण्णव कुळींची उच्चनीचता जपण्यातही पुष्कळ शक्ती वेचली. मामकुळाची ओळ राखली, पण ती बहुधा सोयरिकीच्या तपासापुरती. तापीच्या मुखाशी येऊन राहिलेल्या माणसाला वतनाचा मान नको आहे. त्याला परमुलखात आपले कोण, हे ठाऊक असणे हवे आहे. त्याच्या मुलांना आईचे कूळ बापाच्या कुळाइतक्याच अभिमानाने सांगता यावे, रोटाच्या मुठीत लेकींचीही मूठ पडावी, आणि शेजारच्या दाराशी आलेल्या परक्याची चौकशी त्याला वगळण्यासाठी नव्हे, तर त्याच्याशी नाते जोडण्यासाठी व्हावी. एवढा पालट आपण केला, तर ही जुनी संस्था नव्या वस्तीतही पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडेल, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.