एअर इंडिया–इंडियन एअरलाइन्स विलीनीकरणाबाबत कर्मचाऱ्यांची भूमिका

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या भारत सरकारच्या मालकीच्या दोन विमान कंपन्यांचे २००७ मध्ये विलीनीकरण झाले. या विलीनीकरणाविषयी दोन्ही कंपन्यांतील वैमानिक, केबिन कर्मचारी, विमान देखभाल अभियंते आणि जमिनीवरील कर्मचारी यांनी घेतलेल्या भूमिकांचा आढावा या लेखात घेतला आहे. कागदोपत्री विलीनीकरण काही महिन्यांत पूर्ण झाले, परंतु सेवाज्येष्ठता, वेतन आणि पदोन्नती यांचे प्रश्न पुढे अनेक वर्षे धुमसत राहिले. त्यांतून २०११ आणि २०१२ मध्ये वैमानिकांचे दोन मोठे संप झाले.

पार्श्वभूमी

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने भारतातील खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल आणि देशांतर्गत वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळे स्थापन करण्यात आली. इंडियन एअरलाइन्स हीच मुळात एका विलीनीकरणातून जन्मलेली संस्था होती. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंग एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन इत्यादी कंपन्या तिच्यात सामावून घेण्यात आल्या होत्या.

मालक एकच असला तरी दोन्ही संस्थांची कार्यसंस्कृती भिन्न होती. एअर इंडियाचे मुख्यालय मुंबईत, नरिमन पॉइंट येथील तेवीस मजली इमारतीत होते आणि कलिना, सांताक्रूझ भागात तिच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती होत्या. इंडियन एअरलाइन्सचा कारभार दिल्लीहून चाले. एअर इंडियाकडे लांब पल्ल्याची रुंद विमाने होती, तर इंडियन एअरलाइन्सचा भर एअरबस ए-३२० कुळातील विमानांवर होता. इंडियन एअरलाइन्सला आखाती देश, सिंगापूर, काठमांडू, कोलंबो यांसारखी विदेशी स्थानके मिळाल्यावर, विशेषतः आखाती मार्गांवर, दोन्ही सरकारी कंपन्या एकाच प्रवासीवर्गासाठी परस्परांशी स्पर्धा करू लागल्या. विलीनीकरणाच्या समर्थकांचा हा एक प्रमुख मुद्दा होता.

विलीनीकरणाची कल्पना २००७ मध्ये नवी नव्हती. १९९० च्या दशकात रुसी मोदी यांच्याकडे दोन्ही कंपन्यांचे अध्यक्षपद एकत्रितपणे सोपविण्यात आले होते, परंतु त्यातून संस्था एक झाल्या नाहीत.

विलीनीकरणाचा निर्णय

नागरी विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल यांच्या कार्यकाळात, १ मार्च २००७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने विलीनीकरणास मान्यता दिली. त्यासाठी नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड ही नवी कंपनी स्थापन झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. एअर इंडिया हे नाव कायम ठेवण्यात आले. २०१० मध्ये कंपनीचे नावही एअर इंडिया लिमिटेड असे करण्यात आले. नव्या बोधचिन्हातील हंसाच्या आकृतीत कोणार्कचे चक्र बसविण्यात आले. एकत्रित कंपनीत तीस हजारांहून अधिक कर्मचारी होते.

निर्णयापूर्वीच दोन्ही कंपन्यांनी मोठी विमानखरेदी केली होती. एअर इंडिया आणि तिची उपकंपनी एअर इंडिया एक्सप्रेस यांच्यासाठी बोइंगची ६८ आणि इंडियन एअरलाइन्ससाठी एअरबसची ४३ अशी एकूण १११ विमाने मागविण्यात आली होती. विलीनीकरण आधी व्हावयास हवे होते आणि विमानखरेदी एकत्रित गरजेनुसार नंतर, अशा आशयाची टीका पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात झाली. संघटनांचे म्हणणेही जवळपास हेच होते.

प्रारंभीच्या अपेक्षा व शंका

विलीनीकरणामुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असे आश्वासन सरकारने दिले होते. कामगारकपातीची भीती त्यामुळे काही प्रमाणात ओसरली आणि संघटनांचा उघड विरोध सुरुवातीस मर्यादित राहिला. तथापि नोकरी टिकणे आणि नोकरीतील स्थान टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. समान हुद्द्यावरील दोन कर्मचाऱ्यांमध्ये वरिष्ठ कोण, बढती कोणत्या यादीनुसार मिळणार आणि मुंबईतील विभाग दिल्लीला हलणार काय, या प्रश्नांची उत्तरे विलीनीकरणाच्या दिवशी उपलब्ध नव्हती. मुंबईतील कर्मचाऱ्यांची शंका अनाठायी नव्हती, कारण २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलविण्यात आले.

सेवाज्येष्ठतेचा प्रश्न

इतर उद्योगांच्या तुलनेत विमान कंपन्यांत सेवाज्येष्ठतेला असाधारण महत्त्व असते. वैमानिकाचा यादीतील क्रमांक त्याला कोणत्या प्रकारचे विमान मिळेल, तो सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होईल आणि रुंद विमानांच्या प्रशिक्षणास केव्हा पात्र ठरेल, हे मोठ्या प्रमाणात ठरवितो. रुंद विमानाच्या कमांडरचे वेतन व भत्ते अधिक असल्याने यादीतील घसरणीचा परिणाम निवृत्तीपर्यंतच्या कमाईवर होतो. दोन याद्या एकत्र करताना कोणीतरी वर जातो तेव्हा कोणीतरी खाली येतोच.

एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड ही संघटना होती, तर इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. गिल्डचे म्हणणे असे की, इंडियन एअरलाइन्समध्ये लहान विमाने अधिक असल्याने तेथील सहवैमानिक तुलनेने लवकर कमांडर होतात, तर एअर इंडियात त्यासाठी अधिक वर्षे थांबावे लागते. हुद्द्यानुसार यादी केल्यास सेवेने कनिष्ठ असलेले वैमानिक त्यांच्या पुढे जातील. असोसिएशनचे उत्तर असे की, कंपनी एकच असेल तर रुंद विमाने एका गटाची राखीव मालमत्ता असू शकत नाहीत. दोन्ही युक्तिवादांत तथ्य होते, आणि वाद चिघळण्याचे हेही एक कारण म्हणता येईल.

वेतनातील तफावत आणि २०११ चा संप

वेतनाची पद्धतही भिन्न होती. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असे, तर एअर इंडियाच्या वैमानिकांना ठराविक तासांच्या उड्डाण भत्त्याची हमी होती. कंपनीचा तोटा वाढून उड्डाणे कमी झाली, तसा या फरकाचा चटका पहिल्या गटाला बसू लागला. २००८-०९ मध्ये कंपनीचा तोटा ५,५०० कोटी रुपयांच्या आसपास पोहोचला. जून २००९ चे वेतन लांबणीवर टाकण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रोत्साहन भत्त्यातील कपातीविरुद्ध कार्यकारी वैमानिकांनी काम थांबविले.

एप्रिल २०११ च्या अखेरीस असोसिएशनने संप पुकारला. एअर इंडियाच्या वैमानिकांइतके वेतन आणि निश्चित उड्डाण भत्ता या मागण्यांबरोबरच कंपनीतील गैरव्यवस्थापनाची केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत चौकशी व्हावी, अशीही मागणी करण्यात आली. ही शेवटची मागणी लक्षणीय होती. कंपनी डबघाईला येण्यास कर्मचाऱ्यांचे पगार नव्हे, तर वरच्या पातळीवरील निर्णय कारणीभूत आहेत, ही संघटनेची भूमिका तीतून व्यक्त झाली. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाने संप मागे घेण्याचा आदेश दिला आणि पुढे अवमानाची कार्यवाही सुरू केली. बहुतांश देशांतर्गत उड्डाणे विस्कळीत झाल्यानंतर, सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार ६ मे रोजी संप मिटला.

धर्माधिकारी समिती

दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे एकत्रीकरण कसे करावे, हे सुचविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश न्या. डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये समिती नेमण्यात आली. विलीनीकरण झाल्यावर चार वर्षांनी हा प्रश्न समितीपुढे गेला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. जानेवारी २०१२ च्या अखेरीस समितीने अहवाल सादर केला. समान श्रेणी, समान वेतनरचना, सेवाज्येष्ठता आणि पदोन्नतीचे मार्ग हे तिचे विषय होते. अहवालाच्या अंमलबजावणीत दोन्ही गटांना काही ना काही सोडावे लागणार होते, त्यामुळे तो कोणत्याच संघटनेला पूर्णपणे मान्य झाला नाही.

ड्रीमलायनरचा वाद आणि २०१२ चा संप

एअर इंडियाने बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमाने विलीनीकरणापूर्वी मागविली होती. त्यांच्या प्रशिक्षणासाठी दोन्ही गटांतील वैमानिकांना समान प्रमाणात पाठविण्याचे व्यवस्थापनाने ठरविले. गिल्डला ते मान्य नव्हते. ही विमाने मूळ एअर इंडियासाठी घेतलेली असून तिच्या वैमानिकांनी पदोन्नतीसाठी वर्षानुवर्षे त्यांचीच वाट पाहिली, असा तिचा दावा होता.

मे २०१२ च्या दुसऱ्या आठवड्यात गिल्डचे वैमानिक आजारपणाची रजा टाकून कामावर अनुपस्थित राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने हा संप बेकायदेशीर ठरविला. व्यवस्थापनाने गिल्डची मान्यता काढून घेतली आणि सुमारे शंभर वैमानिकांना बडतर्फ केले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना मोठी कात्री लागली. इंडियन एअरलाइन्सचे पूर्वाश्रमीचे वैमानिक मात्र कामावर राहिले आणि देशांतर्गत सेवा बऱ्याच अंशी चालू राहिली. पाच वर्षांनंतरही एकाच कंपनीतील एका गटाच्या संपात दुसरा गट उतरला नाही. ५८ दिवस चाललेला हा संप उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर ३ जुलै रोजी मागे घेण्यात आला. बडतर्फ वैमानिकांच्या पुनर्नियुक्तीचा सहानुभूतीने विचार करण्याचे आश्वासन व्यवस्थापनाने दिले होते. पहिले ड्रीमलायनर विमान त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत उतरले.

इतर कर्मचारी

वृत्तपत्रांत वैमानिकांचे संप गाजले, परंतु संख्येने मोठा वर्ग जमिनीवरील कर्मचाऱ्यांचा होता. त्यांची चिंता वेतनाच्या विलंबाची आणि मूळ कंपनीबाहेर ढकलले जाण्याची होती. एप्रिल २०१२ मध्ये सरकारने सुमारे ३०,००० कोटी रुपयांच्या भांडवली साहाय्याची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तिच्यानुसार देखभाल-दुरुस्ती आणि विमानतळावरील सेवा स्वतंत्र उपकंपन्यांकडे देऊन हजारो कर्मचारी तेथे वर्ग करावयाचे होते. अभियंते व तंत्रज्ञांच्या संघटनांनी याला विरोध केला. विलीनीकरणाच्या वेळी दिलेल्या आश्वासनात कपात नव्हती, पण मालक बदलणार नाही असेही म्हटलेले नव्हते.

नंतरची विलीनीकरणे

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात विलीन झाली. त्यापूर्वी, एप्रिल २०२४ च्या सुमारास, विस्ताराच्या वैमानिकांनी नव्या वेतनकराराविषयी नाराजी व्यक्त केली. पूर्वी दरमहा ७० तासांच्या उड्डाणाचे निश्चित वेतन मिळत असे, ते नव्या रचनेत ४० तासांवर येणार होते. वैमानिक मोठ्या संख्येने अनुपस्थित राहिल्याने कंपनीला उड्डाणे कमी करावी लागली. एअर इंडियाच्या वैमानिकांचा आक्षेप निवृत्तीच्या वयावर होता. त्यांच्यासाठी ते ५८ वर्षे, तर विस्तारात ६० वर्षे होते. सेवाज्येष्ठतेच्या एकत्रित यादीचा प्रश्न याही वेळी उपस्थित झाला.