उरलेली गाठ कोणाची?

बीजांडकोशाचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. तोवर तो पोटभर विखुरलेला असतो. सगळा काढता येत नसेल, तर जमेल तेवढा तरी काढावा का? १९३४ साली अमेरिकन शल्यविशारद जो मेग्ज यांनी काढावा असे सुचवले. पण आकड्यांचा भक्कम आधार मिळायला १९७५ साल उजाडले. बॉस्टनच्या ग्रिफिथ्स यांनी १०२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेनंतर काहीच उरले नसेल तर रुग्ण सरासरी ३९ महिने जगल्या. उरलेली सर्वांत मोठी गाठ अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत असेल तर २९, दीडपर्यंत १८ आणि त्याहून मोठी असेल तर ११ महिने.

उतरंड स्वच्छ आहे. पण आमच्या मते तिचे दोन अर्थ निघतात, आणि वर्गात दोन्ही मांडावेत. कुशल हातांनी जास्त काढले म्हणून रुग्ण जगली, हा एक. मुळात गाठच कमी चिवट होती. म्हणून ती सुटून आली आणि रुग्णही जगली, हा दुसरा. ग्रिफिथ्स यांनी पेशींची प्रत हिशेबात धरली होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते तेवढीच.

जनुके नंतर हाती आली. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली वेगळे करता आले, बीआरसीए-२ पुढच्या वर्षी. ही जनुके तुटलेला डीएनए सांधण्याच्या कामी येतात. ती बिघडली की कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र डीएनएवरच घाव घालणाऱ्या सिसप्लॅटिनसारख्या औषधापुढे अशा पेशी लवकर हार मानतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण बिघाड नसलेल्यांत ३६ टक्के, बीआरसीए-१ मध्ये ४४ आणि बीआरसीए-२ मध्ये ५२ टक्के आढळले. म्हणजे त्याच आजाराच्या रुग्णांतही जनुकांनुसार आयुर्मान बदलते.

पण गाठ मागे राहण्याशी जनुकांचा संबंध असतो का? २०१४ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी ते पाहिले. एफएबीपी-४ आणि एडीएच-१बी या जनुकांचे काम ज्या गाठींत जोरात चालते, त्या पूर्णपणे न निघण्याची शक्यता अधिक होती. शल्यविशारदाचे कौशल्य यामुळे गौण ठरत नाही. सुरी लावण्यापूर्वीच काही ठरलेले असते, एवढेच.

यांतले एफएबीपी-४ मेदाम्ले वाहून नेणारे प्रथिन बनवते. कर्करोगाच्या पेशी आतड्यांवरच्या चरबीच्या पदरातून मेदाम्ले घेऊन वाढतात, हे शिकागोच्या गटाने २०११ मध्ये दाखवले होते. हा पदर शल्यविशारद कित्येक दशके या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढत आले होते.